कॉलिन्सव्हिल, 5 एप्रिल 1918: रॉबर्ट प्रागरच्या झुंडबळीचं प्रकरण

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या कॉलिन्सव्हिल गावात रॉबर्ट प्रागर या जर्मन स्थलांतरिताला फासावर चढवलं तेव्हा समोर शंभराहून जास्त माणसं उभी होती. बरेचजण एकमेकांना नावाने ओळखत होते. त्याआधी त्याला गावाच्या मुख्य रस्त्यावरून अनवाणी फिरवलं होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन महिन्यांच्या आत खटला उभा राहिला, अकरा आरोपी न्यायालयात बसले आणि ज्युरीने अवघ्या दहा मिनिटांत अकराही जणांना निर्दोष सोडलं. निकालानंतर ज्युरीतला एकजण म्हणाल्याची नोंद आहे, “आता तरी आम्ही देशनिष्ठ नाही असं कोणी म्हणणार नाही.”

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या जर्मन स्थलांतरितांवर जी वेळ आली, तिचे किस्से सहसा गमतीने सांगितले जातात. आंबवलेल्या कोबीला हॉटेलांनी ‘लिबर्टी कॅबेज’ म्हणायला सुरुवात केली, सेंट लुईसमधल्या बर्लिन ॲव्हेन्यूचं नाव बदलून सेनापती पर्शिंगचं नाव दिलं, वगैरे. प्रागर प्रकरणही त्याच काळातलं आणि त्याच परिसरातलं. ते निवडायचं कारण असं की, संशयापासून दोरापर्यंतची जवळपास प्रत्येक पायरी कॉरोनरच्या (संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) चौकशीत, खटल्यात आणि वर्तमानपत्रांत नोंदली गेली. कोण कुठे उभा होता, कोणी काय केलं आणि कोणी काय केलं नाही, हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. ‘पिसाळलेला जमाव’ या दोन शब्दांत हे प्रकरण उरकता येत नाही, असं माझं मत आहे. जमाव शेवटी आला. त्याच्या आधी बऱ्याच टेबलांवरून हा माणूस पुढे सरकवला गेला होता.

शेजारी ते शत्रू नागरिक

1910 च्या जनगणनेनुसार अमेरिकेच्या सुमारे 9 कोटी 20 लाख लोकसंख्येत 25 लाख माणसं जर्मनीत जन्मलेली होती. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं धरली तर आकडा 80 लाखांच्या वर जातो. मिलवॉकी, सिनसिनाटी, सेंट लुईस या शहरांत जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन चर्च, जर्मन गायनमंडळं आणि बिअरच्या बागा यांत कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. 1915 साली माध्यमिक शाळांतली साधारण 24 टक्के मुलं जर्मन शिकत होती. 1922 पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. सात वर्षांत एक भाषा शाळांमधून जवळपास पुसली गेली.

6 एप्रिल 1917 ला अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. चौदा वर्षांवरच्या ज्या जर्मन पुरुषांनी अजून नागरिकत्व घेतलं नव्हतं ते सगळे त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ‘शत्रू नागरिक’ ठरले. फेब्रुवारी 1918 मध्ये त्यांची नोंदणी सुरू झाली: बोटांचे ठसे, फोटो, आणि सतत जवळ बाळगायचं कार्ड. सुमारे अडीच लाख पुरुषांनी नोंदणी केली. त्यांपैकी युद्ध संपेपर्यंत प्रत्यक्ष नजरबंद झाले 2,048. म्हणजे सरकारच्या स्वतःच्या हिशेबानेही शंभरातला एकसुद्धा माणूस डांबून ठेवण्याइतका धोकादायक नव्हता.

पण हा हिशेब लोकांपुढे आला नाही. लोकांपुढे आली ती पोस्टरं, सभा आणि ‘अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग’. न्याय खात्याच्या आशीर्वादाने चालणाऱ्या या संघटनेत जवळजवळ अडीच लाख हौशी हेर होते आणि शेजाऱ्यांवर पाळत ठेवणं हेच त्यांचं काम. नोंदणी झालेले जर्मन पुरुष आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे स्वयंसेवक, दोन्ही आकडे साधारण सारखेच! वरच्या थरातला माणूसही यातून सुटला नाही. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाचा संचालक कार्ल मुक याच्याकडे स्वित्झर्लंडचं नागरिकत्व होतं, तरी 25 मार्च 1918 ला त्याला अटक झाली आणि पुढे जॉर्जियातल्या फोर्ट ओगलथॉर्पच्या छावणीत त्याची रवानगी झाली.

आपल्याकडे ब्रिटिश सरकारने याच युद्धात हिंदुस्थानातले जर्मन व्यापारी, मिशनरी, खलाशी उचलून अहमदनगरच्या छावणीत ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धातही नगर, पुरंदर, सातारा इथे जर्मन माणसं ठेवली गेली, आणि त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूसुद्धा होते. काही न करता वर्षानुवर्षं तारेच्या कुंपणात काढणं हा अन्यायच. पण तिथे हजेरीची वही होती, डॉक्टर होता आणि माणूस नाहीसा झाला तर जाब देणारा एक अधिकारी होता. प्रागर राहत होता त्या गावात यांतलं काहीच नव्हतं.

प्रागर

रॉबर्ट पॉल प्रागर 1888 साली ड्रेस्डेनमध्ये जन्मला आणि 1905 साली, सतरा वर्षांचा असताना, एकटा अमेरिकेत आला. इंडियानात चोरीच्या गुन्ह्यासाठी सुधारगृहात त्याने सुमारे वर्ष काढलं. नंतर मिळेल ते काम करत तो मध्य-पश्चिमेत भटकत राहिला. लग्न नाही, नातेवाईक नाहीत, एक डोळा काचेचा. स्वभावाने हट्टी आणि वाद घालणारा. समाजवादी मतंही बोलून दाखवायचा म्हणतात. ऑड फेलोज या बंधुमंडळाचा सभासद होता, आणि शेवटी त्याला मूठमाती देणारेही तेच.

राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी युद्धाची मागणी करणारं भाषण 2 एप्रिल 1917 ला केलं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी सेंट लुईसमध्ये राहणाऱ्या प्रागरने नागरिकत्वाचा पहिला अर्ज भरला. सैन्यभरतीसाठी नाव नोंदवलं. नौदलात जायचा प्रयत्न केला, डोळ्यामुळे नाकारला गेला. खोलीच्या खिडकीत अमेरिकेचा झेंडा लावला. यापेक्षा जास्त एखादा परदेशी माणूस काय करणार?

मात्र इथे कायद्याची एक गाठ होती. नुसता पहिला अर्ज भरून ‘शत्रू नागरिक’ हा शिक्का जात नव्हता, आणि अंतिम कागद युद्ध चालू असताना शत्रूराष्ट्राच्या माणसाला मिळण्याची जवळजवळ शक्यता नव्हती. निष्ठा दाखवायला दार उघडं, ती सिद्ध करायला बंद. सिद्ध करण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे शेजारीपाजारी. तिथे ना नियम होता ना मुदत.

1917 च्या उन्हाळ्याअखेर तो मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला आला आणि एका इटालियन बेकरीत कामाला लागला. 1918 च्या सुरुवातीला जवळच्या मेरीव्हिलमधल्या डॉंक ब्रदर्सच्या कोळसा खाणीत त्याने काम धरलं. खाणीतली मजुरी बेकरीपेक्षा चांगली होती. अडचण एवढीच की युनियनच्या सभासदत्वाशिवाय खाणीत टिकता येत नव्हतं.

खाण आणि युनियन

कॉलिन्सव्हिल हे सेंट लुईसपासून दहा-बारा मैलांवरचं, कोळशावर जगणारं गाव. खाणकामगारांत इटालियन, लिथुआनियन, जर्मन, इंग्रज सगळेच. युद्धामुळे कोळशाला मागणी आली आणि कामगारांना पहिल्यांदाच हात वर करून बोलायची संधी मिळाली. 1917 भर या पट्ट्यात संप होत राहिले, बरेचसे युनियनच्या परवानगीशिवायचे. युद्धकाळात संप म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत देशद्रोह. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: प्रागरवर बोट उगारणाऱ्या खाणकामगारांकडेच वर्षभर संशयाने पाहिलं जात होतं. अशा माणसांना आपली निष्ठा दाखवायची असेल, तर एखाद्या जर्मनाला हाकलून लावण्याइतका स्वस्त दाखला दुसरा नाही. युद्धकर्जाचे रोखे घ्यायला पैसे लागतात. याला काहीच लागत नाही.

झुंडीची सवयही या भागाला नवी नव्हती. जुलै 1917 मध्ये जवळच्याच ईस्ट सेंट लुईसमध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीय वस्तीवर हल्ला केला होता. अधिकृत आकड्यानुसार 39 कृष्णवर्णीय मारले गेले, खरा आकडा त्याहून बराच मोठा मानला जातो. तिथेही कामावरून सुरू झालेला वाद होता आणि तिथेही बंदोबस्ताला असलेले लोक बघत उभे होते.

मेरीव्हिलच्या युनियन शाखेने प्रागरला सभासदत्व नाकारलं. कारणांची खिचडी होती: खोटं बोलतो, समाजवादी आहे, जर्मन आहे, आणि खाणीत स्फोट घडवायला आलेला हेर असावा. शेवटच्या आरोपाला पुरावा कधीच निघाला नाही. 3 एप्रिलच्या संध्याकाळी कामगारांनी त्याला मेरीव्हिलमध्ये दारूच्या गुत्त्यांपुढून फिरवलं आणि गाव सोड म्हणून दम भरला. प्रकरण हाताबाहेर जातंय हे युनियनच्या पुढाऱ्यांच्याही लक्षात आलं. त्याला संरक्षणासाठी कॉलिन्सव्हिल पोलिसांच्या ताब्यात द्यायचा त्यांनी प्रयत्न केला. तो फळाला आला नाही आणि प्रागरला घरी सोडण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रागर गाव सोडून गेला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. तो गेला नाही. त्याने मेरीव्हिलच्या कामगारांना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलं आणि त्याच्या प्रती खाणीजवळ आणि गुत्त्यांवर चिकटवल्या. युनियनचा स्थानिक अध्यक्ष जेम्स फोर्नेरो याने आपल्यावर अन्याय केला, आपण पक्के युनियनवाले आहोत, मनापासून अमेरिकेच्या बाजूचे आहोत, जर्मनीत जन्मलो हा आपला दोष नाही, असा त्या पत्राचा सूर. आज वाचताना ते एका नाकारलेल्या अर्जदाराचं गाऱ्हाणं वाटतं. पाळी संपवून वर आलेल्या कामगारांना मात्र एक जर्मन आपल्या पुढाऱ्याला भिंतीवर जाहीर बोल लावताना दिसला.

वैर एका माणसाशी होतं, तेही नोकरीवरून. जर्मनपणामुळे त्या वैराला पूर्ण गावाचं पाठबळ मिळालं. आघाडीवरूनही त्याच दिवसांत वाईट बातम्या येत होत्या. 21 मार्चला जर्मन सैन्याने पश्चिम आघाडीवर मोठी चढाई सुरू केली होती आणि 6 एप्रिलला युद्धकर्जाची तिसरी मोहीम सुरू व्हायची होती.

4 एप्रिलची रात्र

गुरुवार, रात्रीचे पावणेदहा. मेरीव्हिलहून परतलेले काही जण गुत्त्यातून उठून प्रागरच्या व्हँडालिया स्ट्रीटवरच्या घरी गेले आणि त्याला बाहेर बोलावलं. पायातले बूट काढायला लावले, अंगाभोवती अमेरिकेचा झेंडा गुंडाळला आणि मुख्य रस्त्याने देशभक्तीची गाणी म्हणायला लावत त्याची वरात काढली. इथवर हा त्या काळातला नेहमीचा प्रकार होता. त्या हिवाळ्यात ठिकठिकाणी जर्मनांना झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं गेलं, अंगाला डांबर फासून पिसं चिकटवली गेली. लोक बघायला जमत, हसत आणि घरी जात.

पोलिसांनी हस्तक्षेप करून त्याला जमावाच्या हातातून सोडवलं आणि नगरपालिकेच्या इमारतीतल्या कोठडीत नेलं. त्या रात्रीत सरकारी यंत्रणेने केलेलं हे एकमेव ठाम काम.

नगराध्यक्ष जॉन सीगल यांनी गुत्ते लवकर बंद करायचा आदेश दिला. कागदावर शहाणपणाचा निर्णय! प्रत्यक्षात पोलीस गुत्त्यागणिक हुकूम सांगत फिरले, आत बसलेल्यांनी कारण विचारलं, आणि कोठडीत जर्मन हेर आहे ही बातमी गावभर झाली. अर्धवट प्यालेली माणसं रस्त्यावर आली आणि त्यांना जायला एकच जागा होती. नगरपालिकेपुढे काही शेकड्यांचा जमाव झाला.

सीगल पायऱ्यांवर उभे राहून बोलले. हे काम केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांचं आहे, गावाला बट्टा लावू नका, असं सांगितलं. धैर्य लागतं अशा वेळी उभं राहायला, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. विशेषतः सीगल हे जर्मन वळणाचं आडनाव असताना. मग जमावाला सांगण्यात आलं की प्रागरला आधीच इथून हलवलंय. जमावाने मागणी केली, आम्हाला पाहू द्या. आणि त्यांना पाहू दिलं.

अख्ख्या प्रकरणातला निर्णायक क्षण कोणता म्हणाल तर हा. बंदूक चालली नाही, दार फोडलं गेलं नाही, कोणा पोलिसाला मारहाण झाली नाही. कैदी आत नाही अशी थाप मारायची आणि मग तपासायला आत सोडायचं, यामागे हिशेब असा असावा की ते वरवर बघतील, काही मिळणार नाही आणि निघून जातील. झडती घेणारे तळघरापर्यंत गेले. तिथे सांडपाण्याच्या मातीच्या नळांच्या ढिगात लपलेला प्रागर सापडला.

त्याला गावाबाहेर, सेंट लुईसच्या रस्त्यावर, टेकडीपर्यंत नेलं. तिथून नदीपलीकडच्या शहराचे दिवे दिसत. पोलिसांनी मागे जाऊन कोणाला अडवलं नाही. गावाची हद्द संपली होती, हे कारण पुढे देण्यात आलं. हद्दीचा मुद्दा आपल्याला नवा नाही; जिवाच्या आकांताने मदत मागणाऱ्याला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आपल्याकडेही ऐकायला मिळतं.

सुरुवातीला डांबर फासायचं बोलणं चाललं होतं. डांबर मिळालं नाही, दोर मिळाला. तो हॅकबेरीच्या झाडाच्या फांदीवरून टाकला. खाण उडवायचा कट होता का, बरोबर आणखी कोण आहे, अशी उलटतपासणी झाली. प्रागरने सगळं नाकारलं. आईवडिलांना पत्र लिहायची परवानगी त्याने मागितली आणि ती मिळाली. जर्मनमध्ये लिहिलेलं ते पत्र चार-पाच ओळींचं आहे: आज 5 एप्रिल 1918 ला मला मरायचं आहे, प्रिय आईबाबा, माझ्यासाठी प्रार्थना करा, हे माझं शेवटचं पत्र.

दोर ओढायला जो पुढे होता त्याच्या एकट्याने ओझं उचललं जाईना. तो बाकीच्यांकडे वळून म्हणाल्याची नोंद आहे, “चला रे, आपण सगळेच यात आहोत, इथे कोणी अंगचोरपणा करायचा नाही.” सैन्यभरती टाळणाऱ्यांना त्या वर्षी जी शिवी दिली जायची, तीच त्याने वापरली. मग हात पुढे आले. प्रागरचे हात बांधायचे राहून गेले होते, त्यामुळे त्याने वर जाताना दोर पकडला. त्याला खाली घेतलं, हात बांधले आणि पुन्हा वर ओढलं. मेल्यावर मला झेंड्यात गुंडाळा, अशी त्याची शेवटची मागणी होती. रात्रीचे साधारण साडेबारा वाजले होते.

ही चूक आणि तिची दुरुस्ती, मधली ती काही मिनिटं, यांच्याकडे नीट पाहिलं पाहिजे. ‘भरात घडलं’ हा बचाव तिथे टिकत नाही. माणूस खाली आणला होता, जिवंत होता, बोलत होता. शंभराहून जास्त लोकांतला एकही पुढे होऊन ‘झालं एवढं पुरे’ म्हणाला नाही.

खटला

25 एप्रिलला ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ज्युरीने, बारा जणांवर खुनाचा आरोप ठेवला आणि चार पोलिसांवर कर्तव्यात कसूर केल्याचा. बारापैकी एकजण शेवटपर्यंत सापडला नाही. जमावाच्या पुढे असलेल्या एका आरोपीने कॉरोनरपुढे आणि वार्ताहरांपुढे स्वतःच्या तोंडाने आपला भाग सांगितला होता.

13 मे रोजी एडवर्ड्सव्हिलच्या जिल्हा न्यायालयात काम सुरू झालं. नुसती ज्युरी निवडायला दोन आठवड्यांहून अधिक लागले, सातशेहून जास्त लोकांना विचारून झालं. न्यायाधीश लुई बर्नरॉयटर, सरकारी वकील जोसेफ स्ट्रॉयबर. दोन्ही आडनावं जर्मन वळणाची. आरोपींतही जर्मन आडनावं होती. त्यामुळे ‘जर्मन विरुद्ध अमेरिकन’ अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. तिथे आधी आलेले आणि नंतर आलेले होते, कागद असलेले आणि नसलेले होते.

प्रागर देशद्रोही होता हे सिद्ध करायला न्यायाधीशांनी बचाव पक्षाला मज्जाव केला. मेलेला माणूस कसा होता हा प्रश्नच नाही, त्याला कोणी मारलं एवढाच प्रश्न आहे, ही भूमिका कायद्याला धरून होती. बचावाने मग तीन गोष्टी एकत्र बांधल्या: कोणी नेमकं काय केलं हे सांगता येत नाही, अर्धे आरोपी तिथे नव्हतेच, आणि उरलेले नुसते बघे होते. कबुली देणाराही आता बघा झाला. समारोपात मात्र वकिलांनी ‘अलिखित कायद्या’चा हवाला दिला, म्हणजे युद्धकाळात अशा माणसाला मारणं क्षम्य आहे असं सुचवलं. आम्ही मारलं नाही, आणि मारलं ते योग्यच केलं, असा हा बचाव. आरोपी कोटावर अमेरिकेच्या झेंड्याच्या रंगांच्या, लाल-पांढऱ्या-निळ्या फिती लावून बसत.

1 जूनला ज्युरी आत गेली आणि दहा मिनिटांत बाहेर आली.

मराठी वाचकाला ज्युरीचा असा निकाल म्हटलं की नानावटी खटला आठवतो. मुंबईत 1959 साली ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, पण न्यायाधीशांना तो निकाल न पटल्याने त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. इलिनॉयमध्ये ती सोय नव्हती. अमेरिकेत ज्युरीने सोडलं की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. उरलेल्यांवरचे, चार पोलिसांसह, आरोप मग सरकार पक्षानेच काढून घेतले. त्या खुनासाठी कोणीही एक दिवसाची शिक्षा भोगली नाही.

कॉलिन्सव्हिलच्या स्थानिक वर्तमानपत्राने लिहिलं की, मनात जर्मनीविषयी ओढा असलेले मूठभर सोडले तर आरोपी सुटल्याचा साऱ्या गावाला आनंद आहे, आणि प्रागरची गावाला काही उणीव भासत नाही. असं लिहिणं संपादकाला धोक्याचं वाटलं नाही, यावरून गावाचा कल कळतो. देशातल्या पुष्कळ वर्तमानपत्रांनी निषेध केला हेही खरं. पण राजधानीतल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने झुंडबळीसारखे अतिरेक मान्य करूनही देशाच्या अंतर्भागात आलेली ही जाग निकोप आणि हितकर असल्याचं म्हटलं.

राजधानीत

बातमी पोचली त्या दिवसापासून वॉशिंग्टनमध्ये तिचा एक ठरावीक अर्थ लावला जाऊ लागला. न्याय खात्याचे प्रमुख, अ‍ॅटर्नी जनरल थॉमस ग्रेगरी आणि काँग्रेसमधले अनेक सभासद म्हणू लागले की, बेइमान बोलण्याला शिक्षा करणारा कडक कायदाच नसल्याने लोक कायदा हातात घेतात. नगराध्यक्ष सीगल यांनीही सिनेटर ओव्हरमन यांना तार करून हेच कळवलं: सरकार देशद्रोह्यांना शिक्षा करत नाही अशी लोकांची भावना आहे, त्यातून हे घडलं.

प्रागरच्या बाबतीत हा युक्तिवाद कुठेच बसत नाही. त्याने देशाविरुद्ध काय बोलल्याचं सिद्ध झालं? काहीच नाही. त्याच्या भिंतीवरच्या पत्रात तक्रार होती ती युनियनच्या अध्यक्षाबद्दल. आणि खुनाविरुद्धचा कायदा इलिनॉयमध्ये होताच. तो राबवायला कोठडीचं दार धरून उभा राहणारा माणूस हवा होता. मात्र हा युक्तिवाद सोयीचा होता, कारण त्यात जमावाला शिक्षा करायची गरज पडत नाही. जमावाची मागणीच कायदा म्हणून मंजूर केली की झालं.

16 मे 1918 ला, म्हणजे एडवर्ड्सव्हिलमध्ये ज्युरीची निवड चालू असतानाच, विल्सन यांनी राजद्रोह कायद्यावर सही केली. सरकार, राज्यघटना, झेंडा किंवा सैन्याचा गणवेश यांच्याविषयी अपमानकारक बोलणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. आठवड्याभरात आयोवाच्या राज्यपालांनी फर्मान काढून शाळेत, रेल्वेत, रस्त्यावर आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी केली. मोंटाना राज्याने स्वतःचा राजद्रोह कायदा त्याआधीच केला होता. त्याखाली शिक्षा झालेल्या 78 जणांना, ज्यांत जर्मन वंशाचे बरेच होते, राज्याने 2006 साली मरणोत्तर माफी दिली.

जमावाचा निषेध विल्सन यांनी केला, पण तो 26 जुलैला, प्रागरचं नावही न घेता. झुंडीत सामील होणारा माणूस लोकशाहीचा खरा पुत्र नसून तिचा विश्वासघातकी आहे, असं त्या निवेदनात ठणकावून म्हटलं आहे. शब्द चांगले आहेत. आरोपी सुटून तेव्हा आठ आठवडे होत आले होते. तोवर देशात आणखी कितीतरी माणसं झुंडींनी मारली होती. 1918 या एका वर्षात साठाहून अधिक, आणि त्यांतली बहुतेक सगळी दक्षिणेतली कृष्णवर्णीय, ज्यांच्यावर जर्मनीची हेरगिरी करण्याचा आरोपही नव्हता.

त्याच एप्रिल महिन्यात दुसरं एक विधेयकही काँग्रेसपुढे आलं. सेंट लुईसचे प्रतिनिधी लिओनिडास डायर यांनी ईस्ट सेंट लुईसच्या हत्याकांडाचा धक्का घेऊन झुंडबळीविरुद्ध केंद्रीय कायदा मांडला. झुंडीत सामील होणाऱ्यावर केंद्राने खटला भरावा, आणि कैद्याचं रक्षण न करणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा व्हावी, अशी त्यात तरतूद होती. कॉलिन्सव्हिलच्या नगरपालिकेत त्या रात्री जे झालं त्याला नेमका लागू पडणारा हा मसुदा. प्रतिनिधिगृहाने तो जानेवारी 1922 मध्ये मंजूर केला; सिनेटमध्ये दक्षिणेच्या सभासदांनी लांबलचक भाषणं करून तो रोखला. राजद्रोह कायदा प्रागरच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांत झाला आणि डिसेंबर 1920 मध्ये रद्दही झाला. झुंडबळी हा केंद्रीय गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सही केली ती 29 मार्च 2022 रोजी.